लघवीला लागलेली असताना या

मी पुण्यात बिबवेवाडीत बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. एकवीस वर्षं झाली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या. नवऱ्याने दोनदा शिकवून पाहिलेलं असतं आणि तिसऱ्यांदा तो ओरडलेला असतो, मग त्या येतात. पद्धत साधी आहे. बाई हँडल धरते, मी मागचा दांडा धरते आणि पळते. ती पुढे बघते, मी ओरडते. आठव्या-दहाव्या दिवशी मी दांडा सोडते आणि तिला ते कळत नाही.

मला एका जागी बसवत नाही. लग्नात पंगतीला बसले तरी दोनदा उठते. त्यामुळे हे काम माझ्यासाठीच होतं असं मला वाटायचं, आणि त्याच कामात माझं शरीर मला सोडून गेलं.

थंडीतली सकाळ होती. रेहानाचा सहावा दिवस. ती शिवणकाम करते, पन्नाशीला आलेली, भित्री पण चिकाटीची. "मॅडम, सोडू नका हां," असं ती दर मिनिटाला म्हणत होती. मी मागून पळत होते. मध्येच मांड्यांच्या मधे काहीतरी घसरून खाली आलं. दुखलं नाही. ओला, गरम चेंडू अडकावा तसं वाटलं. माझा हात आपोआप सुटला. रेहाना एकटीच पुढे गेली, वाळूच्या ढिगात घुसली आणि आडवी झाली.

मी तिच्याकडे धावायला हवं होतं. मी मांड्या आवळून तिथेच उभी राहिले. गुडघा खरचटलेला घेऊन तीच उठून माझ्याकडे आली. तोंडभर हसत म्हणाली, "मॅडम, मी एकटीने चालवली ना? तुम्ही मुद्दाम सोडलंत ना?"

मी हो म्हटलं. एकवीस वर्षांत शिष्येशी बोललेलं ते पहिलं खोटं.

आरसा

अगदी त्याच दिवशी सगळं सुरू झालं, असं म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल. दोन वर्षं मला संध्याकाळी खाली जड वाटायचं. लघवीला बसले की धार सुरू व्हायची नाही. उठायचं, परत बसायचं, पुढे वाकायचं. मग कधीतरी कळलं की बोटाने आत थोडं सारलं की होते. मी तसंच करत राहिले. दिवसातून आठ-दहा वेळा, दोन वर्षं. सवय झाली की माणूस कशालाही रोजचं काम समजायला लागतो.

त्याच्याही आधी वेगळाच त्रास होता. हसले, शिंकले, पळाले की लघवी थेंब थेंब गळायची. वर्गाला जाताना मी पॅड लावून जायचे. मग पुढे ते आपोआप थांबलं. मी फार खूष झाले होते. वजन कमी केलं म्हणून थांबलं, असं मीच ठरवलं होतं.

वाळूच्या ढिगाच्या त्या दिवशी घरी येऊन बाथरूमची कडी लावली आणि हातातला आरसा खाली धरला. गुलाबी, चकचकीत गोळा. माझ्याच शरीराचा तो भाग मी बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बघत होते. पहिला विचार आला तो कॅन्सरचा. दुसरा असा की उद्या सकाळी पाच जणी यायच्यात.

घरी सांगणं

माझे मिस्टर दिलीप एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहेत. चांगला माणूस. व्यसन नाही, आवाज नाही. पण कुठलीही नाजूक गोष्ट निघाली की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. आमच्या मुलाच्या वेळच्या बाळंतपणात मी आत किंचाळत होते, तेव्हा ते पार्किंगमध्ये दुसऱ्या कुणाची तरी मोटरसायकल दुरुस्त करून देत होते.

मी त्यांना सांगायला अकरा दिवस घेतले.

"अहो, माझं अंग बाहेर आलंय."

"अंग म्हणजे?"

मी सांगितलं. ते उठले, गॅलरीत गेले आणि सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना परत पाणी घालायला लागले. थोड्या वेळाने तिथूनच आवाज आला, "दाखवून ये. लेडी डॉक्टर असतात ना?"

त्या अकरा दिवसांत मी इंटरनेटवर वाचू नये ते सगळं वाचलं होतं. जेवण जात नव्हतं. वर्ग चालूच होते, पण पळणं बंद केलं होतं. शेजारून भरभर चालायचे आणि बायकांना सांगायचे, "आता तुम्हालाच तोल सांभाळायचाय." दोघी जणी वैतागून सोडून गेल्या. त्यांचं बरोबरच होतं.

डॉक्टर मॅडम

बायकांच्या लघवीच्या तक्रारी बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत असं कळलं, तिथे गेले. दिलीप आले, पण दारापर्यंतच. डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. कमी बोलणाऱ्या. तपासल्यावर हात धुताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "बोटाने आत सारून लघवी करायला लागते ना? कधीपासून?"

मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बहिणीलासुद्धा नाही. मी रडायला लागले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि मी रडत असताना निवांत केसपेपर लिहीत बसल्या. घाई केली नाही, समजूतही घातली नाही. मला ते फार बरं वाटलं.

कॅन्सर नव्हता. लघवीची पिशवी आणि गर्भपिशवी, दोन्हींचा आधार सैल होऊन दोन्ही खाली उतरल्या होत्या. व्यायाम, आत बसवायची रिंग किंवा ऑपरेशन, असे तीन मार्ग त्यांनी सांगितले. मी लगेच म्हणाले, "ऑपरेशन. उद्या करा."

"उद्या नाही. आधी एक टेस्ट."

टेस्टचं नाव युरोडायनॅमिक. लघवीची पिशवी भरते कशी, धरून ठेवते कशी आणि रिकामी होते कशी, हे त्यात मोजतात.

"सगळ्या जणींना ही लागत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लागेल. तुमची लघवी आधी गळत होती आणि मग आपोआप थांबली म्हणालात. आपोआप थांबलेली नसावी. पिशवी खाली आली आणि लघवीच्या नळीला मोड पडला, म्हणून गळणं बंद झालं असेल. आम्ही पिशवी वर नेऊन ठेवली की मोड जाईल. मग काय होईल, ते आधी बघायला हवं."

म्हणजे ज्या गोष्टीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, ती माझ्या आजाराची करामत होती.

मापाचा मग

टेस्टच्या आधी तीन दिवस डायरी ठेवायची होती. किती प्यायले, किती वाजता लघवी झाली, किती मिली झाली, किती घाई होती. त्यासाठी खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणला. दिलीपनी तो बाथरूममध्ये बघितला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचा टूथब्रश बेडरूममध्ये नेऊन ठेवला.

डायरी लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की मी कशी जगते. बाहेर पडण्याआधी दोनदा. मंडईत जायच्या रस्त्यावर कुठे संडास आहे, कुठला बरा आहे, कुठल्याला कडी नाही, हे सगळं पाठ. लग्नाचं बोलावणं आलं की कार्यालयात सोय कशी आहे हे आधी डोक्यात. मी स्वतःला चळवळी बाई समजत होते. त्यातली निम्मी चळवळ लघवीची होती.

डायरी पूर्ण झाली, तर लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू निघाले. आधी औषध, मग पुन्हा रिपोर्ट, मग टेस्ट. दोन आठवडे पुढे गेलं. ते दोन आठवडे मी घरात अक्षरशः येरझाऱ्या घातल्या. कपाटं लावली, लावलेली परत काढली. दिलीप म्हणाले, "ऑपरेशन करायचंच आहे, तर टेस्ट कशाला? उगाच ताणत नेतात." मी त्यांच्यावर ओरडले. तोपर्यंत मलाही तसंच वाटत होतं, म्हणून जास्त जोरात ओरडले.

त्याच आठवड्यात मांजरी गावाहून सासूबाईंचा फोन आला. दिलीपनी त्यांना सांगितलं, "वैशालीच्या पोटाचं छोटं ऑपरेशन आहे." मी शेजारीच बसले होते. पोटाचं.

टेस्टचा दिवस

हॉस्पिटलमधून मेसेज आला होता: लघवीला लागलेली असताना या. अपॉइंटमेंट साडेदहाची. मी नऊपासून पाणी पीत होते. रिक्षा खणलेल्या रस्त्यावरून निघाली आणि प्रत्येक खड्ड्याला मी पुढचा दांडा घट्ट धरत होते. रिक्षावाले काका आरशातून बघून म्हणाले, "ताई, सावकाश घेऊ का?" मी म्हटलं, "नको, जोरात घ्या."

तिथे पोचल्यावर कळलं की आधीची पेशंट अजून आत आहे. पस्तीस मिनिटं मी त्या पॅसेजमध्ये फिरत होते. भिंतीवरची सगळी पत्रकं वाचून झाली. दिलीप खाली चहा घ्यायला गेले होते. एकटेच.

आतल्या स्वाती सिस्टरनी दार उघडलं तेव्हा मला त्या देवीसारख्या वाटल्या. त्यांनी एका खुर्चीवर बसवलं, तिला मधे भोक, खाली नरसाळं आणि मोजायचं यंत्र. "नेहमीसारखी करा," म्हणाल्या आणि पडदा ओढून बाहेर गेल्या.

तासभर जिच्यासाठी जीव चालला होता ती लघवी आता येईना. पडद्यापलीकडे कुणीतरी आहे हे माहीत होतं. नेहमीसारखी म्हणजे बोटाने सारून, आणि तसं करायचं की नाही, हे विचारायची लाज. शेवटी ओरडून विचारलंच. बाहेरून शांत आवाज आला, "आधी न सारता बघा. नाही झाली तर सारा. फक्त मला सांगा, म्हणजे लिहून ठेवते." त्यांनी बेसिनचा नळ सोडला. त्या नळाच्या आवाजात मला ते जमलं. थांबत थांबत, पण जमलं.

पुढचा भाग ऐकायला वाईट आणि सोसायला तितका वाईट नव्हता. एक बारीक नळी लघवीच्या जागेतून आत, आणि दुसरी मागून, पोटातला दाब मोजायला. पहिली जाताना झोंबलं. दुसरीने फक्त अवघडायला झालं. दोन्ही मांडीला चिकटपट्टीने लावल्या. मग पिशवीत हळूहळू पाणी सोडायला लागले. समोर स्क्रीनवर रंगीत रेघा. डॉक्टर मॅडम आल्या आणि रेघांकडेच बघत बसल्या.

"पहिल्यांदा जाणवेल तेव्हा सांगा."

सांगितलं.

"घरी असता तर आता उठला असतात, असं वाटेल तेव्हा सांगा."

मी तर घरी कधीच उठले असते. तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "खोकून दाखवा," म्हणाल्या. खोकले. काही झालं नाही. अजून पाणी. जोरात खोकले. काही नाही. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हते?

मग मॅडमनी ग्लोव्ह्ज बदलले. "आता मी हा भाग वर उचलून धरते. ऑपरेशननंतर तो जिथे असेल, तिथे. आणि तुम्ही परत खोकायचं."

मी खोकले. आणि गळलं. थेंब नव्हे, चांगली धार. त्यांच्या हातावर, खालच्या कागदावर, माझ्या पायावर. मी पाय मिटायला गेले तर मिटता येईनात. "सॉरी, सॉरी," एवढंच तोंडातून निघत होतं.

स्वाती सिस्टरनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सॉरी कशाला? हेच बघायला तर बोलावलंय तुम्हाला."

मॅडम म्हणाल्या, "छान. अजून एकदा." त्या छानचा मला त्या वेळी भयंकर राग आला होता.

निवड

कपडे घालून समोर बसले. मॅडमनी दिलीपना आत बोलवा म्हटलं. ते आले, पण खुर्चीच्या कडेवर टेकले, कधीही उठता येईल असे.

सैल झालेला भाग वर बांधून घेतला की माझं गळणं परत सुरू होण्याची शक्यता बरीच होती. दोन रस्ते होते. एक, त्याच ऑपरेशनमध्ये लघवीच्या नळीखाली आधाराची बारीक पट्टी बसवून घ्यायची. दोन, आधी फक्त वर बांधायचं काम करायचं, काही महिने थांबायचं, त्रास झालाच तर पट्टीचं नंतर बघायचं. पट्टीने उलटा त्रासही होऊ शकतो. लघवी अडकते, काही दिवस लघवी काढून घेणारी बाहेरची नळी घेऊन घरी जावं लागतं, क्वचित पट्टी सैल करावी लागते.

"तुम्ही काय कराल?" मी विचारलं.

"मी दिवसभर खुर्चीत बसते. तुम्ही पळता. माझं उत्तर तुमच्या काय कामाचं?"

खास पुणेरी उत्तर. पण त्याने माझं डोकं जागेवर आलं. आठ दिवस विचार करा म्हणाल्या. ते आठ दिवस मी दर दोन तासांनी मत बदललं. दिलीप म्हणत राहिले, "एकदाच काय ते उरकून टाक." उरकून टाक हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी मी दोन्ही एकत्रच करून घ्यायचं ठरवलं. त्यांचं ऐकून नाही. माझ्याच पोटातलं पाणी माझ्याच डोळ्यांसमोर वाहताना बघितलं होतं, म्हणून. पळताना ते परत नको होतं. आणि लघवी अडकली तर काय, याची भीती आहे हे मान्य करूनच मी सही केली.

अडकली

ऑपरेशन नीट झालं. आणि ज्याची भीती होती तेच झालं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या वेळी बसवलेली नळी काढली, लघवी होईना. नळ सोडले, कोमट पाणी ओतलं, वॉर्डात फेऱ्या मारल्या. दोनदा पोटावर यंत्र लावून बघितलं, पिशवी भरलेलीच. परत नळी. लघवी साठवायची प्लास्टिकची पिशवी पायाला बांधून मी घरी आले. रिक्षात रडले. चूक केली, चूक केली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आठवडाभर झोप अशी लागलीच नाही. कुशीवर वळलं की नळी ओढली जायची. उठायला बंदी, वाकायला बंदी, उचलायला बंदी. मला पलंगावर पडून राहण्याची शिक्षा दिलेली होती. नवव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन नळी काढली. त्याच भोकाच्या खुर्चीवर बसले. स्वाती सिस्टरनी काही न विचारता नळ सोडला. बऱ्याच वेळाने धार सुरू झाली. बोट न लावता. बारीक होती, मध्येच अडखळली, पण माझी होती. सिस्टरनी यंत्र लावून पाहिलं, मागे फारसं उरलं नव्हतं. मी त्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "अहो, आधी हात धुवा."

सासूबाई

त्या आठवड्यात सासूबाई मांजरीहून येऊन राहिल्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या. जन्म शेतात गेलेला, ऊस तोडलेला, पाण्याचे हंडे वाहिलेले. त्यांना पोटाचं सांगितलं होतं, पण नळी कुठून निघते हे दिसतच होतं. चौथ्या दिवशी माझे पाय पुसताना त्या म्हणाल्या, "पोटाचं न्हाई ना हे?"

मी नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं. आरसा, बोट, टेस्ट, सगळं. त्या पाय पुसत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मला बी हाय गं ते."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली. फडक्याचा बोळा करून ठिवते. उन्हाळ्यात लई सोलवटतं."

मला ओरडावंसं वाटलं. अठ्ठावीस वर्षं मी या घरात सून होते. सणाला आम्ही दोघी एका खोलीत लुगडी बदलली होती. "आई, कधी बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलं?"

मीही कुठे कुणाला सांगितलं होतं.

दीड महिन्याने माझी तपासणी होती, तेव्हा मी त्यांना सोबत नेलं. त्या यायला तयार नव्हत्या. रिक्षात बसेपर्यंत "मला काय करायचंय आता" चाललं होतं. दिलीप बरोबर होते. आईला गुडघ्यासाठी दाखवायचं असेल असं त्यांनी धरलं होतं, आणि मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

माझं सगळं ठीक निघालं. खोकून दाखवलं, कोरडं. पळायला अजून दीड महिना थांबा, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. एका जागी बसून शिकवणं मला कसं जमतंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. जमत नव्हतंच.

मग मी म्हटलं, "मॅडम, ह्या माझ्या सासूबाई. यांनाही तोच त्रास आहे."

दिलीपनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघितलं. मॅडमनी पेन उघडलं. "आजी, कधीपासून?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दिलीप उठले होते. दाराच्या मुठीवर हात गेला होता.

"थोरला झाला तवापासनं," सासूबाई म्हणाल्या. मग वळल्या आणि मुलाकडे बघून हात खाली केला, लहान पोराला बसवतात तसा. "कुठं चाललास? बस हितं. तुझ्याच वेळचं हाय."

मॅडम लिहायच्या थांबल्या. दिलीपनी दाराची मूठ सोडली. मग परत आले आणि खुर्चीवर बसले, पूर्ण मागे टेकून. पुढचा अर्धा तास त्यांची आई, जे पन्नास वर्षांत एकदाही बोलली नव्हती ते सगळं डॉक्टरांना सांगत होती. ते ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "आई, दुखतं का गं?"